कोलमन विरुद्ध ब्लॉक

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचे कृषिमंत्री जॉन ब्लॉक व त्यांच्या खात्याचे अधिकारी यांच्याविरुद्ध नॉर्थ डकोटातील 9 शेतकऱ्यांनी 1983 मध्ये संघीय न्यायालयात गुदरलेला प्रातिनिधिक दावा. हप्ते थकले की फार्मर्स होम ॲडमिनिस्ट्रेशन ही सरकारी कर्जसंस्था तारण पिकाच्या वा दुधाच्या विक्रीतून घरखर्चापुरतीही रक्कम मोकळी न करता ऋणकोस जेरीस आणीत असे. हप्ते तहकूब करण्याची 1978 च्या कायद्यातील तरतूद मात्र कागदावरच राहिली होती. वादींच्या वकील सेरा व्होगेल यांचा युक्तिवाद ग्राह्य धरून न्यायाधीश ब्रूस व्हॅन सिकल यांनी, तहकुबीच्या हक्काची नोटीस व सुनावणीची संधी दिल्याविना जप्ती करण्यास देशभर मनाई केली, आणि सुमारे 2,40,000 ऋणकोंना तिचे संरक्षण लाभले. 1987 च्या कृषिपत कायद्याने पुढे कर्जपुनर्रचनेस वैधानिक अधिष्ठान दिले.