फुकटची ओढ

पेट्रोल इंजिनात निर्वात कुणी मुद्दाम घडवला नाही, तो आयता पदरात पडला. पिस्टन खाली येताना हवा मागतो आणि कार्बोरेटरमधली थ्रॉटलची झडप ती अडवून धरते. या ओढाताणीत मधल्या मॅनिफोल्डमध्ये हवेचा दाब घसरतो. गाडी स्लोवर उभी असताना तर तो बाहेरच्या दाबाच्या निम्म्याहूनही खाली असतो.

फुकट ते पौष्टिक! 1920 च्या दशकात या ओढीवर काच पुसणारे वायपर चालू लागले. 1927 मध्ये बॉश कंपनीने बेल्जियमच्या आल्बेर द्वाँद्रच्या रचनेवरून ब्रेकला जोर देणारा सर्वो बाजारात आणला, आजच्या ब्रेक बूस्टरचा तो पूर्वज. डिस्ट्रिब्युटरमधलं ठिणगीचं टायमिंग पुढे सरकवायलाही हीच ओढ कामाला लागली. वायपरचा स्वभाव मात्र विचित्र होता. चढावर ॲक्सिलरेटर दाबला की झडप उघडते आणि ओढ संपते, म्हणजे भर पावसात जोर लावावा तेव्हाच काच पुसली जाईना. तरी काही अमेरिकन गाड्यांनी हा वायपर 1970 च्या दशकापर्यंत सोडला नाही. फुकटची सवय, दुसरं काय.

खरा पसारा वाढला तो धुरक्यामुळे. लॉस एंजेलिसची हवा काळवंडल्यावर कॅलिफोर्नियात 1961 च्या मॉडेलपासून क्रँककेसमधले वायू पुन्हा इंजिनात ओढून जाळायची सोय आली. पुढे 1970 च्या अमेरिकन कायद्याने धूर आणखी आवळला, तसा सायलेन्सरकडे निघालेला थोडा धूर परत आत वळवणारा वॉल्व्हही आला. त्याला उघडायलाही बहुधा हीच ओढ. बॉनेटखाली काळ्या बारीक नळ्यांचं इतकं जाळं झालं, की कुठली कुठे जाते याचा नकाशा तिथेच चिकटवून द्यावा लागला. गळतीचं कूळ वाढलं ते असं. रबर उष्णतेने कडक होतं, टोकाशी चिरतं आणि हवा चोरवाटेने आत शिरते.

ही हवा पेट्रोल न घेता येते, म्हणून मिश्रण पातळ होतं. स्लोवर मुळात हवा थोडीच लागते, त्यामुळे तिथे हा भेसळीचा वाटा मोठा ठरतो आणि इंजिन धडधडतं. हायवेवर हीच गाडी शहाण्यासारखी पळते. मग मालक पेट्रोल पंपावर संशय घेतो आणि मिस्त्री म्हणतो, “हवा ओढतेय.”

कुठून, ते शोधायच्या घड्याळाचं, म्हणजे व्हॅक्यूम गेजचं, कूळ मात्र मोटारीहून कितीतरी जुनं. टोरिचेलीने 1644 च्या पत्रात पाऱ्याच्या नळीचा प्रयोग कळवला. हवेचा भार सुमारे 30 इंच पारा तोलून धरतो. 1849 मध्ये पॅरिसच्या यूजेन बुर्दाँने चपट्या, वाकड्या नळीच्या मापकाचं पेटंट घेतलं आणि काचनळीची गरज संपली. गॅरेजमधल्या गेजमध्ये पाऱ्याचा थेंब नसतो, तरी तबकडीवर ‘पाऱ्याचे इंच’ अजून आहेत. धडधाकट इंजिन स्लोवर साधारण 17 ते 21 इंचांवर काटा स्थिर धरतं. काटा खालीच बसून राहिला तर गळतीचा संशय घ्यावा, ठरावीक अंतराने झटका देत असेल तर वॉल्व्हचा. उंचीवर दर हजार फुटांना इंचभर वजा करायचा. महाबळेश्वरला काटा मुंबईपेक्षा चारेक इंच खाली दिसला म्हणून गॅस्केट बदलणाऱ्याने स्वतःचे पैसे वाया घालवलेच म्हणून समजावं.

मग एकेक नळी प्लासने हलकेच दाबायची (जबड्यावर चिंधी गुंडाळून). जी दाबल्यावर इंजिन सुधारतं, त्या वाटेला खोट. ब्रेकची नळी दाबून फरक पडला तर बूस्टरचा पडदा फाटलेला असू शकतो. सांध्यांवर साबणाचं पाणी मारतात. चिरेत पाणी ओढलं गेलं की इंजिनाचा सूर घटकाभर बदलतो. कार्बोरेटर क्लीनरचा फवाराही चालतो, पण तापलेल्या इंजिनावर तो पेट घेतो, हे विसरू नये. हल्लीचं यंत्र बंद इंजिनात हलक्या दाबाने धूर सोडतं. धूर निघेल तिथे गळती, वाद संपला.

दुरुस्ती बहुतेकदा स्वस्त असते. नळी लांब असेल तर चिरलेलं टोक कापून पुन्हा बसवावं, नाहीतर नवी टाकावी. कार्बोरेटरखालचं बूड नट अति आवळल्याने वाकलेलं असेल, तर काचेवर पॉलिश पेपर पसरून ते घासून सपाट करतात आणि नवं पॅकिंग देतात. इथे अवघड काम एकच: थ्रॉटलचा दांडा जिथे फिरतो ते भोक झिजणं. पॅकिंग कितीही बदला, हवा दांड्याच्या कडेने येतच राहते. लेथवर भोक मोठं करून बुश ठोकल्याशिवाय इलाज नाही.

डिझेल इंजिनात अशी अडवणारी झडप मुळात नव्हती, म्हणून फुकटची ओढही नव्हती. ब्रेकसाठी वेगळा व्हॅक्यूम पंप बसवावा लागला, अनेकदा थेट आल्टरनेटरच्या पाठीवर. विजेच्या गाड्यांत तर इंजिनच नाही, तरी काहींत तोच बूस्टर ठेवला आणि त्याची भूक भागवायला बॅटरीवरचा पंप दिला. त्याचीही नळी कधीतरी चिरतेच, आणि मग पेडल दगडासारखं घट्ट होतं.