अवर्षण, मंदी आणि रुग्णालयांचे अर्थकारण : धाराशिव जिल्ह्याच्या संदर्भात

अर्थशास्त्राच्या ग्रंथांतून 'मंदी' या संज्ञेचा विचार बहुधा कारखाने, पेढ्या आणि रोखेबाजार यांच्या अनुषंगाने झालेला आढळतो. ज्या प्रदेशातील बहुसंख्य लोकांची उपजीविका कोरडवाहू शेतीवर चालते, तेथे मंदीचे स्वरूप निराळे असते. तेथे पाऊस चुकला म्हणजे पीक जाते, पिकामागोमाग मजुरी जाते, मजुरीमागोमाग बाजारातील उलाढाल थंडावते, आणि अखेरीस शासनाचा महसूल व सावकाराची वसुली या दोन्हींना तूट येते. अशा प्रदेशातील रुग्णालयांपुढे एक विशिष्ट प्रश्न उभा राहतो. वेतन, औषधे, वीज, पाणी, इमारतीची डागडुजी हा त्यांचा खर्च बारमाही असतो, उत्पन्न मात्र हंगामी असते. त्यातही ज्या वर्षी उत्पन्न आटते, त्याच वर्षी रुग्णांची संख्या वाढते. धाराशिव जिल्ह्याच्या गेल्या सुमारे शंभर वर्षांच्या इतिहासात हा पेच पुनःपुन्हा उद्भवला. त्याची सोडवणूक प्रत्येक वेळी कोणी व कोणाच्या पैशाने केली, याचा शोध घेणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

बालाघाटच्या पठारावर वसलेला हा जिल्हा मांजरा, तेरणा, सीना आणि बोरी या नद्यांच्या खोऱ्यांत विभागलेला आहे. एकोणिसाव्या शतकात तो नळदुर्ग जिल्हा म्हणून ओळखला जाई. १८५३ मध्ये निजामाने तो वऱ्हाडाबरोबर इंग्रजांच्या हवाली केला व १८६० मध्ये तो निजामाकडे परत आला. पुढे जिल्ह्याचे ठाणे धाराशिव येथे आले आणि सातवा निजाम मीर उस्मान अली खान याच्या नावावरून त्यास उस्मानाबाद हे नाव मिळाले. सप्टेंबर १९४८ मधील पोलीस कारवाईनंतर हा भाग भारतीय संघराज्यात सामील झाला, १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. १९८२ मध्ये लातूर जिल्हा त्यातून वेगळा झाला आणि २०२३ मध्ये धाराशिव हे जुने नाव अधिकृतपणे पुन्हा रूढ झाले. सत्ता व नावे पालटली, तरी एक गोष्ट फारशी पालटली नाही. खरिपाचा माल बाजारात आला म्हणजे दिवाळीच्या आगेमागे, आणि रब्बीची ज्वारी निघाली म्हणजे उन्हाळ्याच्या तोंडी, कुटुंबाच्या हाती रोकड येते. एरव्ही आजारपण म्हणजे उसनवारी, हाच येथील सर्वसाधारण अनुभव होय.

निजामी राजवटीत जिल्ह्याच्या व तालुक्याच्या ठिकाणी सरकारी दवाखाने होते व त्यांचा खर्च राज्याच्या महसुलातून भागे. परंतु हैदराबाद राज्याचा सुमारे चाळीस टक्के मुलूख सर्फ-इ-खास, पायगा आणि जहागिरी यांच्याकडे, म्हणजे दिवाणी कारभाराबाहेर होता. तेथील दवाखान्याचे भवितव्य जहागीरदाराच्या मर्जीवर अवलंबून राही. परिणामी गंभीर दुखण्याचा रोगी ब्रिटिश मुलखाकडे, म्हणजे बार्शी व सोलापूरकडे वळे. बार्शी लाइट रेल्वेने ही वाट अधिक लांब केली. तिची अरुंद रुळांची गाडी १९११ मध्ये लातूरपर्यंत आली आणि १९२७ मध्ये पंढरपूरहून मिरजेस जोडली गेली. त्यायोगे येडशी, ढोकी या स्थानकांवरून निघालेला रोगी थेट मिरजेच्या मिशन रुग्णालयापर्यंत जाऊ शकत होता.

मिरजेचे हे रुग्णालय डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये उभारले. त्याच्या अर्थव्यवस्थेचा येथे विचार करणे आवश्यक आहे, कारण पश्चिम महाराष्ट्रातील व लगतच्या मोगलाईतील पुढील अनेक धर्मादाय रुग्णालयांचा तोच नमुना ठरला. सधन रोग्याकडून पुरते शुल्क घ्यावे, त्यातून निर्धनाची शुश्रूषा करावी, आणि उरलेली तूट परदेशी मिशन मंडळाच्या देणगीतून व स्थानिक धनिकांच्या साहाय्यातून भरून काढावी, अशी ती त्रिविध रचना होती. १९२९ नंतरच्या जागतिक मंदीने तिची कसोटी पाहिली. अमेरिकेत बँका बुडाल्या तशी तेथील मंडळांकडे येणारी वर्गणी घटली. त्याच वेळी कापूस, भुईमूग व धान्य यांचे भाव कोसळल्याने दख्खनमधील जो बागायतदार व व्यापारी शुल्क देणारा रोगी होता, त्याचाही हात आखडला. तीन आधार असले तरी ते परस्परांपासून स्वतंत्र नव्हते. एकाच जागतिक बाजारपेठेला ते बांधलेले होते. मिरजेचे रुग्णालय त्या दशकातून तरले. तथापि दानशूरता व शुल्क ही दोन्ही साधने तेजीच्या काळात विपुल आणि मंदीच्या काळात दुर्मीळ असतात, हा धडा त्यातून मिळतो.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, १९४६ मध्ये, भोर समितीने आपला अहवाल सादर केला. पैसे देण्याची ऐपत नाही म्हणून कोणीही योग्य उपचारांपासून वंचित राहू नये, हे तत्त्व तिने मांडले. त्यामागील आर्थिक तर्कही समजून घेण्याजोगा आहे. एखाद्या तालुक्यात पीक बुडाले तरी संपूर्ण राज्याचे एकाच वेळी बुडत नाही. म्हणून खर्चाचा भार जितक्या विस्तीर्ण प्रदेशावर पसरेल, तितका स्थानिक आपत्तीचा आघात सौम्य होईल. प्राथमिक आरोग्य केंद्रे, ग्रामीण रुग्णालये व जिल्हा रुग्णालय ही साखळी या विचारावर उभी राहिली.

१९७० ते १९७३ या काळातील दुष्काळाने या तर्काची मर्यादा दाखविली, कारण या वेळी आपत्ती एका तालुक्याची नव्हती. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर सुमारे ५० लक्ष मजूर होते. राज्याचा पैसा खडी फोडण्याच्या व पाझर तलावांच्या कामांकडे वळणे अपरिहार्य होते. याच सुमारास जिल्ह्याच्या सीमेलगत, भूम तालुक्याच्या शेजारी असलेल्या जामखेड येथे एक वेगळा प्रयोग आकार घेत होता. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये तेथे सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला होता. गावकऱ्यांनी औषधांऐवजी पाणी व अन्न मागितले. तेव्हा बाहेरून मिळालेले साहाय्य केवळ खाटा वाढविण्याकडे न वळविता कूपनलिका व लहान मुलांची सामुदायिक स्वयंपाकघरे यांवर खर्च करण्यात आले, आणि हातपंप दलित वस्तीत बसतील अशी दक्षता घेण्यात आली. पुढे गावातीलच, बहुधा निरक्षर असलेल्या, स्त्रियांना आरोग्यसेविकेचे शिक्षण देण्यात आले. प्रकल्पाच्या नोंदींनुसार त्या गावांतील बालमृत्यूचे प्रमाण १९७१ मध्ये हजारी १७६ होते, ते १९७६ मध्ये ५२ वर आले. रुग्णालयाच्या अर्थकारणाच्या दृष्टीने याचा अर्थ असा, की मंदीत उत्पन्न वाढविणे शक्य नसेल, तर खाटेवर येणारा आजार कमी करणे हाच काटकसरीचा खरा मार्ग होय. वेतनकपात व औषधकपात ही त्या मानाने फार महागडी काटकसर ठरते.

हा धडा शासनव्यवस्थेने कितपत आत्मसात केला, हे १९९० नंतरच्या दशकात दिसून आले. १९९१ च्या परकीय चलनाच्या संकटानंतर केंद्राने वित्तीय तूट आवरती घेतली व राज्यांच्या सामाजिक खर्चावर ताण आला. महाराष्ट्रात शासकीय रुग्णालयांतून शुल्क आकारण्यास १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस आरंभ झाला होता. पुढे त्या दरांत वाढ झाली. राष्ट्रीय नमुना पाहणीचे अखिल भारतीय आकडे या संदर्भात बोलके आहेत. १९८६-८७ मध्ये ग्रामीण भागातील आंतररुग्णांपैकी सुमारे ६० टक्के शासकीय रुग्णालयांत दाखल होत. १९९५-९६ मध्ये हे प्रमाण ४५ टक्क्यांच्या आसपास घसरले. आजारी असूनही ज्यांनी उपचार घेतले नाहीत, त्यांपैकी पैशाचे कारण सांगणाऱ्या ग्रामीण लोकांचे प्रमाण याच काळात सुमारे १५ टक्क्यांवरून २४ टक्क्यांवर गेले. शासनाच्या अंदाजपत्रकातील बचत ही कुटुंबाच्या अंदाजपत्रकात तूट म्हणून अवतरली.

याच दशकात, ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, किल्लारीचा भूकंप झाला. लातूर व उस्मानाबाद या दोन जिल्ह्यांत मिळून सुमारे आठ हजार माणसे मृत्युमुखी पडली. उमरगा व लोहारा परिसरातील गावे उद्ध्वस्त झाली. त्यानंतर जागतिक बँकेच्या साहाय्याने राबविलेल्या पुनर्वसन कार्यक्रमातून घरे, रस्ते, शाळा आणि आरोग्य केंद्रांच्या इमारती बांधल्या गेल्या. सर्वत्र हात आखडता घेतला जात असता या दोन जिल्ह्यांत भांडवली पैशाचा ओघ आला, हा योग विलक्षण म्हटला पाहिजे. परंतु अनावर्ती अनुदानातून इमारत उभी राहते. परिचारिकेचे वेतन, क्ष-किरण यंत्राची दुरुस्ती व औषधांची खरेदी ही आवर्ती खर्चाची बाब असते, आणि तिच्यासाठी दाता क्वचितच पुढे येतो. आपत्तीत करुणा जागी होते व ती दृश्य वास्तूकडे वळते. पाचव्या वर्षीच्या वीजबिलापर्यंत ती टिकत नाही.

या अडचणीतून काढलेले दोन मार्ग जिल्ह्यात पाहावयास मिळतात. सास्तूर येथील स्पर्श ग्रामीण रुग्णालय शासन व स्वयंसेवी संस्था यांच्या भागीदारीतून चालले. तेथे आवर्ती खर्चाचा पाया शासनाचा आणि व्यवस्थापन संस्थेचे, अशी वाटणी झाली. तुळजापूर तालुक्यातील अणदूर येथे डॉ. शशिकांत व डॉ. शुभांगी अहंकारी यांनी उभारलेल्या हॅलो मेडिकल फाउंडेशनने रुग्णसेवेच्या जोडीला गावोगावच्या स्त्रियांना 'भारतवैद्य' म्हणून शिक्षण देऊन प्राथमिक उपचार गावातच स्वस्तात उपलब्ध होतील अशी योजना केली. पहिल्या मार्गात आर्थिक जोखीम शासनावर सोपविली जाते, तर दुसऱ्यात ती मुळातच कमी केली जाते. जामखेडच्या अनुभवाशी दुसऱ्या मार्गाचे नाते स्पष्ट आहे.

२०१२ पासून २०१६ पर्यंत मराठवाड्यास अवर्षणाने पुनःपुन्हा ग्रासले. ज्या दिशेने पूर्वी रोगी मिरजेस जात, त्याच दिशेकडून एप्रिल २०१६ मध्ये मिरजेचे पाणी रेल्वेने लातूरला आणावे लागले. जिल्ह्यातील सहकारी अर्थव्यवस्था आधीच दुर्बल झाली होती. २००२ च्या शासकीय रोखे गैरव्यवहारात जिल्हा मध्यवर्ती बँकेचा पैसा अडकला होता, आणि ढोकीच्या तेरणा साखर कारखान्याचे गाळप अनेक हंगाम बंद राहिले. ज्या खासगी रुग्णालयाचे बिल उसाच्या हप्त्यावर चुकते होई, त्याची उधारी अशा वेळी थकणे स्वाभाविक होय.

या काळात राज्याने विमा योजनेचा आधार घेतला. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू होऊन नोव्हेंबर २०१३ मध्ये राज्यभर विस्तारली. प्रतिवर्षी प्रतिकुटुंब दीड लक्ष रुपयांपर्यंतच्या ठराविक उपचारांचा खर्च तीत समाविष्ट होता. पुढे उस्मानाबादसह चौदा शेतीसंकटग्रस्त जिल्ह्यांतील शुभ्र शिधापत्रिकाधारक शेतकऱ्यांनाही ती लागू झाली आणि २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना हे नाव मिळाले. तिचे मोल कमी लेखता येणार नाही. पीक बुडालेल्या वर्षीही हृदयशस्त्रक्रियेचे पैसे रुग्णालयास मिळण्याची सोय या योजनेने केली. परंतु तिच्या मर्यादाही अर्थशास्त्रीय आहेत. रुग्णालयास खर्च आधी करावा लागतो व परतावा मागाहून मिळतो. ज्या लहान रुग्णालयाजवळ खेळते भांडवल नाही, त्यास हा विलंब सोसत नाही. शिवाय योजना मोठ्या शस्त्रक्रियांचा भार उचलते. ताप, अतिसार, मधुमेहाच्या नित्याच्या गोळ्या हा दुष्काळी वर्षातला नेहमीचा भार बव्हंशी कुटुंबाच्याच माथी राहतो. २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीनुसार ग्रामीण भारतात प्रसूती वगळता एका वेळच्या रुग्णालय-निवासाचा सरासरी खर्च शासकीय रुग्णालयात ४,२९० रुपये, तर खासगी रुग्णालयात २७,३४७ रुपये होता. या दोन आकड्यांतील अंतर जेथे भरून काढावे लागते, तेथे जनावर विकले जाते किंवा जमीन गहाण पडते.

२०२० च्या महासाथीने प्रश्नाची आणखी एक बाजू उघड केली. टाळेबंदीमुळे नियोजित शस्त्रक्रिया थांबल्या व खासगी रुग्णालयांचे नित्याचे उत्पन्न बुडाले. उलट संरक्षक साधने व प्राणवायू यांचा खर्च वाढला. मे २०२० मध्ये राज्य शासनाने खासगी रुग्णालयांतील ८० टक्के खाटांचे दर नियंत्रित केले. त्याच महिन्यात महसूल घटल्यामुळे विकासखर्च ३३ टक्क्यांपुरता मर्यादित करण्याचा निर्णय झाला, परंतु सार्वजनिक आरोग्य व वैद्यकीय शिक्षण हे विभाग या कपातीतून वगळण्यात आले. मंदीतही आरोग्यखर्च अबाधित ठेवता येतो, हे त्यावरून सिद्ध झाले. दुष्काळाच्या वर्षीही तसाच निर्णय का होऊ नये, हा प्रश्न त्यानंतर टाळता येत नाही.

यानंतर जिल्ह्यात २०२२ मध्ये १०० जागांचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आणि १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील उपचार निःशुल्क करण्यात आले. भोर समितीच्या तत्त्वाकडे टाकलेले हे पाऊल स्वागतार्ह होय. मात्र शुल्काची रक्कम ही रुग्ण कल्याण समितीच्या हाती असलेली स्थानिक शिल्लक होती. बल्ब, सलाइन, जनित्राचे डिझेल अशा किरकोळ पण निकडीच्या गरजा त्यातून भागत. तिची जागा वेळेवर येणाऱ्या मुक्त अनुदानाने घेतली नाही, तर उपचार कागदोपत्री निःशुल्क राहून रोग्याच्या नातलगास चिठ्ठी घेऊन बाहेरच्या औषध-दुकानात जावे लागेल.

या सर्व विवेचनावरून असे म्हणता येईल, की अवर्षणप्रवण जिल्ह्यात रुग्णालय स्वावलंबी व्हावे ही अपेक्षा सुकाळातच शोभते. देणगी, शुल्क, बँकेची पत व स्थानिक सहकार हे सर्व स्रोत त्याच पावसावर अवलंबून आहेत, ज्याच्या अभावी रोगी वाढतो. म्हणून आवर्ती खर्चाचा किमान भाग जिल्ह्याबाहेरच्या व्यापक महसुलाशी बांधलेला असणे, दुष्काळ जाहीर होताच आरोग्याचे अनुदान आपोआप वाढण्याची तरतूद असणे, आणि गावपातळीवर आजार रोखणारी स्त्री-कार्यकर्ती टिकून राहणे, या तीन गोष्टी अगत्याच्या ठरतात. रुग्णालयाचा ताळेबंद जुळला एवढ्यावरून त्याची आर्थिक स्थिती चांगली, असा निष्कर्ष अभ्यासकाने काढू नये. तो ताळेबंद रोग्याच्या घरच्या कर्जखात्याशी ताडून पाहिल्यावाचून मंदीचा भार कोणी वाहिला हे कळत नाही. धाराशिव जिल्ह्याच्या इतिहासात तो भार पुष्कळदा त्या दुसऱ्या खात्यावरच पडलेला आहे.