कोंबडीचा चेहरा सुजला, तर...

परसात पाच-दहा कोंबड्या पाळणाऱ्यांना हा अनुभव कधी ना कधी येतोच. सकाळी खुराडे उघडावे, तर एका कोंबडीचा डोळा मिटलेला आणि डोळ्याखालचा भाग सुपारीएवढा फुगलेला. 'सर्दी झाली' एवढे निदान करून बाजारातून प्रतिजैविकाची पुडी आणायची आणि पिण्याच्या पाण्यात मिसळायची, हा खेड्यापाड्यांतील रूढ उपचार. बंगल्याच्या आवारात वा गच्चीवर हौसेने गिरिराज, वनराज किंवा कडकनाथ पाळणारे शहरवासीही तोच मार्ग धरताना दिसतात. वस्तुतः चेहऱ्याची सूज हा रोग नव्हे, ते लक्षण आहे. माशीच्या दंशापासून बर्ड फ्लूपर्यंत अनेक कारणांनी ती येते आणि त्यांपैकी कित्येक कारणांवर प्रतिजैविकाचा काडीचाही उपयोग होत नाही.

सूज नेमकी डोळ्याखालीच का दिसते, याचे उत्तर कोंबडीच्या शरीररचनेत आहे. नाकपुडी व डोळा यांच्या दरम्यान एक पोकळी असते, तिला सायनस म्हणतात. तिच्या बाहेरच्या बाजूला हाडाचे कवच नसते, केवळ त्वचा आणि मऊ ऊती असतात. त्यामुळे आत स्राव साठला की चेहरा लगेच फुगतो. शिवाय पक्ष्यांचा पू पातळ राहत नाही, तो खव्यासारखा घट्ट होतो आणि आपणहून वाहून जात नाही. जुनी सूज औषधाने उतरत नाही, ती यामुळेच.

कोंबडी हातात घेण्यापूर्वी मात्र एक प्रश्न स्वतःला विचारणे आवश्यक आहे. गेल्या दोन-तीन दिवसांत आणखी पक्षी अचानक मेले आहेत काय? एकाहून अधिक कोंबड्यांचे डोके सुजलेले, तुरा आणि चोचीखाली लोंबणारा लाल मांसल भाग निळा-जांभळा पडलेला, पायांवर रक्ताळलेले डाग आणि पटापट मरतूक असे चित्र असेल, तर बर्ड फ्लूची शंका घेतलीच पाहिजे. मानमोडी अर्थात राणीखेत रोगातही पापण्या सुजतात, हिरवट हगवण लागते, मान पिळवटते. या दोहोंतील फरक नुसत्या डोळ्यांनी सांगणे पशुवैद्यकालाही अवघड जाते. बर्ड फ्लूचे अंतिम निदान भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेत होते. अशा वेळी मेलेला पक्षी कापून पाहणे, सोलणे किंवा उकिरड्यावर फेकणे धोक्याचे आहे, कारण हा विषाणू क्वचित का होईना, माणसालाही बाधतो. पक्षी जागच्या जागी राहू द्यावेत, मुलांना दूर ठेवावे आणि नजीकच्या शासकीय पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवावे.

येथेच खरी अडचण आहे. कळवले तर साऱ्या कोंबड्या मारतील, या भीतीने अनेक जण गप्प बसतात. भीती निराधार नाही. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे देशातील पहिला बर्ड फ्लू आढळला, तेव्हा तेथील कुक्कुटपालनाचा कणाच मोडला. पुढे जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातील मुरुंबा आणि जानेवारी २०२५ मध्ये रायगड जिल्ह्यातील उरण तालुक्याचे चिरनेर या गावांतही तो आढळला. बाधित ठिकाणाभोवती एक किलोमीटरच्या परिघातील पक्षी नष्ट केले जातात, हे खरे. पण त्यांची भरपाई शासन देते. रोगाने आधीच मेलेल्या पक्ष्यांची मात्र ती मिळत नाही. म्हणजे लपवण्यात पाळणाऱ्याचेच नुकसान अधिक. प्राण्यांमधील संसर्गजन्य रोगांसंबंधीच्या २००९ च्या केंद्रीय कायद्यान्वये असा रोग कळवणे हे मालकाचे कर्तव्यही आहे.

मरतूक नसेल, एक-दोन पक्षीच आजारी असतील, तर शांतपणे तपासणी करता येते. हातमोजे व मुखपट्टी लावून कोंबडी उजेडात धरावी. सूज एका बाजूला आहे की दोन्हीकडे, दाबल्यावर मऊ लागते की टणक, गरम आहे काय, हे पाहावे. नाकाजवळ वास घ्यावा. चोच उघडून विजेरीच्या प्रकाशात घसा बघावा. तुरा व पापण्यांवर खपल्या आहेत का, तेही पाहावे.

नाकातून चिकट स्राव आणि त्याला तीव्र दुर्गंधी, ही संसर्गजन्य सर्दीची म्हणजे कोरायझाची खूण. हा जिवाणूजन्य रोग झपाट्याने पसरतो. संसर्गानंतर एक ते तीन दिवसांतच चेहरा सुजतो, अंडी घटतात. सल्फा गटातील वा अन्य योग्य प्रतिजैविकांनी लक्षणे ओसरतात, पण बरी झालेली कोंबडी रोगवाहक राहते, हे विसरता कामा नये. कळपात नवी कोंबडी आली की रोग पुन्हा डोके वर काढतो, तो त्यामुळे. याउलट मायकोप्लाझ्मामुळे होणारा जुनाट श्वसनविकार दबक्या पावलांनी येतो. डोळ्यांत साबणासारखे बुडबुडे, शिंका, श्वास घेताना घरघर, आठवडेच्या आठवडे न हटणारी सूज. हा रोग अंड्यातून पिलातही उतरतो. टायलोसिनसारख्या औषधांनी तो आटोक्यात येतो, मुळासकट जात नाही. दोन्ही रोगांची लक्षणे पुष्कळदा एकत्र आढळतात. म्हणून औषध ठरवण्याआधी स्रावाचा नमुना तपासून घेणे इष्ट.

पापण्यांवर, तुऱ्यावर चामखिळीसारखे फोड आणि काळपट खपल्या असतील, तर देवी. हा रोग विषाणूजन्य असून डासांमार्फत पसरतो. त्यावर औषध नाही. खपल्या ओढू नयेत, त्या तीन-चार आठवड्यांत गळून पडतात. घशात पिवळट पापुद्रे दिसले, तर मात्र श्वास कोंडण्याचा धोका असतो. निरोगी पक्ष्यांसाठी लस उपलब्ध आहे.

शहरी पाळणाऱ्यांनी आहाराकडेही पाहावे. केवळ शिळा भात आणि पोळीच्या तुकड्यांवर वाढलेल्या कोंबडीला 'अ' जीवनसत्त्व कमी पडते. पापण्या सुजून चिकटतात, डोळ्यांत पांढरा घट्ट पदार्थ साठतो. शेवग्याचा पाला, पालक, पिवळा मका आणि पशुवैद्यकाने दिलेले जीवनसत्त्व यांनी सुधारणा होते. ओल्या, कोंदट खुराड्यातील अमोनियाही डोळे सुजवतो. आत वाकल्यावर आपल्याच डोळ्यांना झोंबत असेल, तर वेगळ्या निदानाची गरज नाही. आणि एकाच बाजूची, अचानक आलेली, स्राव नसलेली सूज बहुधा दंशाची वा चोच मारल्याची. थंड पाण्याची पट्टी ठेवल्यास ती दोन दिवसांत ओसरते.

कारण काहीही असो, आजारी पक्षी प्रथम वेगळा ठेवावा. अर्धा लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात एक सपाट लहान चमचा मीठ घालून त्याने डोळे व नाकपुड्या पुसाव्यात, प्रत्येक डोळ्यासाठी कापूस वेगळा. दिसत नसल्याने कोंबडी उपाशी राहते, म्हणून पाणी आणि भिजवलेले खाद्य तिच्या चोचीपुढे ठेवावे. घरातले डोळ्यांचे थेंब घालू नयेत. त्यांत स्टेरॉइड असल्यास जखम चिघळते. टणक झालेली सूज ब्लेडने फोडण्याचा उद्योग तर मुळीच नको, घट्ट पू काढणे हे पशुवैद्यकाचे काम आहे.

प्रतिजैविक दिलेच, तर पूर्ण मुदत द्यावे. पाण्यात औषध मिसळण्याची रीत सोयीची असली, तरी सर्वांत आजारी पक्षीच सर्वांत कमी पाणी पितो, हे ध्यानात घ्यावे. उपचाराच्या काळातील आणि त्यानंतर पशुवैद्यकाने सांगितलेल्या दिवसांतील अंडी खाऊ नयेत, औषधाचे अंश त्यांत उतरतात. कॉलिस्टिन या औषधाच्या पशुपक्ष्यांतील वापरावर तर केंद्राने २०१९ मध्येच बंदी घातली, कारण माणसांच्या अत्यवस्थ आजारांत ते अखेरचा पर्याय म्हणून राखून ठेवावे लागते.

आठवडे बाजारातून आणलेली नवी कोंबडी तीन-चार आठवडे वेगळी ठेवावी, तिची भांडीही वेगळी असावीत. खुराड्यातील तूस कोरडे राहील आणि आसपास डासांची पैदास होईल असे पाणी साचणार नाही, हेही पाहावे.