ज्येष्ठमध

(हिं. मुलेठी, सं. यष्टिमधु, मधुक, लॅ. ग्लिसिऱ्हायझा ग्लॅब्रा, कुल-लेग्युमिनोजी). कोरड्या खोकल्यावर वापरली जाणारी बहुवर्षायू औषधी वनस्पती. मूळस्थान भूमध्य समुद्राचा परिसर व पश्चिम आशिया. भारतात लागवड थोडी. काष्ठौषधींच्या दुकानात मिळणाऱ्या कांड्या बहुतांशी आयात केलेल्या असतात.

औषधात मुळे व जमिनीखालून पसरणारी खोडे वापरतात. कांडी बाहेरून करडी-तपकिरी, सुरकुतलेली. मोडल्यावर आत पिवळी व तंतुमय दिसते. चघळली की आधी लाकूडच चावल्यासारखे वाटते, मग गोडी उतरते आणि बराच वेळ जिभेवर रेंगाळते. ही गोडी ग्लिसिऱ्हायझिनाची. ते साखरेच्या सुमारे पन्नासपट गोड असते. चघळताना सुटणारी लाळ व मुळातील बुळबुळीत द्रव्ये घशाला ओलावा देतात, त्यामुळे खवखव आणि ढास कमी होते. चरकसंहितेतील कंठ्य, म्हणजे घशाला हितकर, अशा दहा द्रव्यांत मधुकाचा समावेश आहे. कीर्तनकार व गायक कांडी तोंडात धरतात ते याचसाठी. घरोघरी चूर्ण मधातून किंवा तुपातून चाटवतात. एक वर्षाखालील बाळाला मात्र मध देऊ नये. कफ सुटत नसेल तेव्हा पसंती अडुळशाला.

गोड म्हणून निरुपद्रवी, हा समज चुकीचा आहे. फार दिवस, फार प्रमाणात घेतल्यास शरीरातील पोटॅशियम घटते, रक्तदाब वाढतो व सूज येते. उच्च रक्तदाब, हृदयविकार वा मूत्रपिंडाचे विकार असलेल्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी ते टाळावे. खोकला दोन आठवड्यांहून अधिक टिकल्यास क्षयरोगाची तपासणी आवश्यक ठरते.