प्राचीन कायद्यांतील स्त्री आणि दासी

प्राचीन संस्कृतींमध्ये स्त्रियांचे स्थान काय होते, या प्रश्नाला सहसा दोन ठरावीक उत्तरे दिली जातात. एक म्हणजे, त्या काळी स्त्रीला मोठा मान होता. दुसरे म्हणजे, तिला कोणतेच हक्क नव्हते. तत्कालीन कायदे, शिलालेख आणि दस्तऐवज पाहिले असता ही दोन्ही उत्तरे अपुरी ठरतात. या कायद्यांच्या लेखी सर्व स्त्रिया एका वर्गात मोडत नव्हत्या. स्वतंत्र कुळातील स्त्री आणि दासी एकाच घरात राहत असत. परंतु दोघींसाठी नियम वेगळे होते आणि त्यांच्यावरील अत्याचाराचे दंडही वेगळे होते. हा भेद सर्वाधिक स्पष्ट होतो तो एका प्रश्नापाशी : दासीच्या पोटी जन्मलेले मूल कोणाचे? बॅबिलोनपासून भारतापर्यंत प्रत्येक समाजाला या प्रश्नाचे उत्तर द्यावे लागले.

बॅबिलोन : तराजूतील चांदी

बॅबिलोनचा राजा हम्मुराबी याची संहिता इ. स. पूर्व अठराव्या शतकातील आहे. ती कोरलेला काळा पाषाणस्तंभ १९०१-०२ मध्ये इराणमधील सुसा येथील उत्खननात सापडला आणि तो पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. या संहितेत विवाहित स्त्रीला काही ठोस हक्क दिलेले दिसतात. पतीने निष्कारण काडीमोड घेतल्यास माहेरहून आणलेले धन तिला परत मिळे. पती तिचा अवमान करीत असेल आणि तिचे वर्तन निर्दोष ठरले, तर ते धन घेऊन ती स्वतःहून माहेरी जाऊ शके.

मात्र याच संहितेनुसार कर्जबाजारी पुरुष आपली पत्नी, मुलगा किंवा मुलगी सावकाराच्या स्वाधीन करू शकत होता. त्यांनी तीन वर्षे राबावे आणि चौथ्या वर्षी त्यांची सुटका व्हावी, असा नियम होता. म्हणजे स्वतंत्र स्त्री आणि दासी यांच्यातील भिंत पतीच्या एका कर्जाने कोसळू शकत होती. तिला कायद्याने तीन वर्षांची मुदत तेवढी घातली होती.

मारहाणीमुळे गर्भपात झाल्यास द्यावयाच्या भरपाईतून समाजाची उतरंड उघड होते. स्त्री उच्च वर्गातील असेल तर दहा शेकेल चांदी, सामान्य वर्गातील असेल तर पाच आणि दासी असेल तर दोन. दासीबद्दलची भरपाई तिच्या मालकाला मिळत असे. या मारहाणीत दासी दगावली तर एक तृतीयांश मिना चांदी देऊन प्रकरण मिटे. उच्च वर्गातील स्त्री दगावली तर मारणाऱ्याच्या मुलीला ठार करण्याची शिक्षा होती. अपराध पित्याचा आणि प्राण मुलीचा, हा न्यायही तेथे स्त्रीच्या मोलाचाच हिशेब होता.

दासीच्या मुलाविषयी हम्मुराबीचे उत्तर तुलनेने उदार होते. मालकाने हयातीत त्या मुलांना आपली म्हटले, तर त्यांना वारसाहक्क मिळे. तसे म्हटले नाही, तर वारसा नसे. पण मालकाच्या मृत्यूनंतर दासी आणि तिची मुले दोघेही मुक्त होत.

इजिप्त : मुले मुक्त, आईचे काय?

मालमत्तेच्या बाबतीत प्राचीन इजिप्तमधील स्त्री इतर अनेक समाजांतील स्त्रियांपेक्षा पुढे होती. ती जमीन बाळगू शके, करार करू शके, न्यायालयात फिर्याद मांडू शके. इ. स. पूर्व ११४५ च्या सुमारास देर-एल-मदिना या कारागिरांच्या वस्तीतील नौनाख्ते नावाच्या स्त्रीने साक्षीदारांसमक्ष आपले मृत्युपत्र केले. तिला आठ अपत्ये होती. म्हातारपणी ज्यांनी आपल्याला सांभाळले नाही त्यांना आपल्या वाट्यातून काही मिळू नये, अशी तिची इच्छा त्यात नोंदवलेली आहे.

सुमारे अर्ध्या शतकानंतरचा आणखी एक दस्तऐवज ऑक्सफर्डच्या ॲशमोलियन संग्रहालयात आहे. नेबनेफर आणि रेनेफर या दांपत्याला मूल नव्हते. आपली मालमत्ता पत्नीलाच मिळावी म्हणून नेबनेफरने तिला कायदेशीररीत्या 'मुलगी' म्हणून दत्तक घेतले. या दांपत्याने विकत घेतलेल्या दासीला पुढे एक मुलगा आणि दोन मुली झाल्या. पतीच्या पश्चात रेनेफरने या तिघांना वाढवले, मुक्त केले आणि आपले वारस ठरवले. थोरल्या मुलीचा विवाह तिने आपल्या धाकट्या भावाशी लावून दिला. स्त्रीच्या हक्कांचा आणि दासमुक्तीचा इतका सुंदर मिलाफ क्वचितच आढळतो. परंतु ज्या दासीच्या पोटी ही मुले जन्मली, तिला मुक्त केल्याचा उल्लेख या दस्तऐवजात नाही.

ग्रीस : लोकशाहीच्या उंबरठ्याआड

लोकशाहीची जन्मभूमी मानल्या जाणाऱ्या अथेन्समध्ये नागरिकाच्या पत्नीलाही आयुष्यभर पुरुष पालकाच्या अधीन राहावे लागे. एक मेडिम्नॉस, म्हणजे एक ठरावीक माप, जवाच्या किमतीपेक्षा मोठा व्यवहार तिला स्वतःच्या अधिकारात करता येत नसे. इ. स. पूर्व ४५१ मध्ये पेरिक्लीसच्या कायद्याने आई आणि वडील दोघेही अथेन्सचे असतील तरच मुलाला नागरिकत्व मिळेल, असे ठरले. त्यामुळे नागरिक स्त्रीच्या मातृत्वाला राजकीय मोल आले; दासीच्या मुलाला मात्र ते दार पूर्ण बंद झाले. घर कसे चालवावे हे सांगणाऱ्या झेनोफनच्या ग्रंथात तर दासांना परवानगीवाचून मुले होऊ नयेत म्हणून पुरुषांच्या आणि स्त्रियांच्या दालनांमधील दाराला कडी असावी, असा उल्लेख आहे.

क्रीट बेटावरील गॉर्टिन नगराची संहिता याच शतकातील आहे. तेथे काडीमोडानंतर स्त्रीला स्वतःची मालमत्ता आणि तिच्या उत्पन्नाचा अर्धा वाटा मिळे. हीच संहिता बलात्काराच्या दंडाबाबत वेगळी भाषा बोलते. स्वतंत्र व्यक्तीवरील बलात्कारास १०० स्टेटर, म्हणजे २०० ड्राख्मा दंड होता. स्वतंत्र पुरुषाने भूदास स्त्रीवर बलात्कार केल्यास तो अवघा पाच ड्राख्मा होता. फरक चाळीस पटींचा.

स्पार्टामध्ये सुमारे दोन पंचमांश जमीन स्त्रियांच्या हाती असल्याची तक्रार ॲरिस्टॉटलने नोंदवली आहे. ही जमीन हेलॉट म्हणवल्या जाणाऱ्या भूदासांच्या कष्टांवर पिकत होती.

रोम : तीन मुलांचा हिशेब

रोमन कायद्याचे तत्त्व साधे आणि कठोर होते. मूल आईच्या दर्जाने जन्मते. दासीचे मूल दास, मग त्याचा पिता खुद्द मालक का असेना. एखाद्या दासीच्या श्रमाचा उपभोग घेण्याचा हक्क दुसऱ्याकडे असेल, तर तिचे मूल त्याचे की मूळ मालकाचे, यावर विधिज्ञांनी वाद घातला. निर्णय मूळ मालकाच्या बाजूने लागला. आईच्या हक्काचा प्रश्न त्या वादात आलाच नाही.

सम्राट ऑगस्टसच्या कायद्यांनी तीन मुलांना जन्म देणाऱ्या स्वतंत्र स्त्रीला पुरुष पालकत्वातून मुक्त केले. दास्यातून सुटलेल्या स्त्रीसाठी ही संख्या चार होती. इसवी सनाच्या पहिल्या शतकात शेतीविषयक ग्रंथ लिहिणारा कोलुमेला सांगतो, की तो तीन मुलगे वाढवणाऱ्या दासीला कामातून सूट देई आणि त्याहून अधिक असल्यास तिला मुक्तही करी. संख्या जवळपास तीच. पण एकीची मुले नागरिक होत आणि दुसरीची मुले मालकाच्या मालमत्तेत भर घालत.

भारत : द्रौपदीचा प्रश्न

भारतात दास नाहीत, असे ग्रीक वकील मेगॅस्थेनिसने लिहून ठेवले. सम्राट अशोकाचे शिलालेख मात्र दास आणि सेवकांना नीट वागवण्याचा उपदेश करतात. हा उपदेश असलेल्या नवव्या शिलालेखाचा एक तुकडा मुंबईजवळच्या सोपारा परिसरातही सापडला आहे. मनुस्मृतीत दासांचे सात प्रकार सांगितले असून, त्यांत 'घरात जन्मलेला' हा एक स्वतंत्र प्रकार आहे.

म्हैसूरला हस्तलिखित मिळाल्यानंतर १९०९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कौटिलीय अर्थशास्त्राची भूमिका यापेक्षा वेगळी आहे. मालकापासून दासीला मूल झाल्यास आई आणि मूल दोघांनाही दास्यातून मुक्त मानावे, असे त्यात म्हटले आहे. गर्भवती दासीला बाळंतपणाची सोय न करता विकणे किंवा गहाण ठेवणे हा दंडनीय अपराध होता. हम्मुराबीने ही मुक्ती मालकाच्या मृत्यूपर्यंत लांबवली होती; कौटिल्याने ती मुलाच्या जन्माशी जोडली. हे नियम प्रत्यक्षात कितपत पाळले गेले हा वेगळा मुद्दा. तरी प्राचीन कायद्यांत हे उत्तर उठून दिसते.

या विषयाचा मर्मभेदी उच्चार महाभारताच्या सभापर्वात आहे. स्वतःला आधीच हरलेल्या पुरुषाला पत्नी पणाला लावण्याचा अधिकार उरतो का, हा द्रौपदीचा प्रश्न. भीष्मांनाही त्याचे निर्णायक उत्तर देता आले नाही. धृतराष्ट्राने वर देऊ केला तेव्हा तिने प्रथम युधिष्ठिराची मुक्ती मागितली आणि त्याचे कारणही सांगितले : आपल्या मुलाला, प्रतिविंध्याला, कोणी दासपुत्र म्हणू नये. राजकन्या आणि राणी असलेल्या स्त्रीलाही त्या क्षणी हीच भीती सर्वांत मोठी वाटली.

न ऐकलेला आवाज

यातील बहुतेक मजकूर राजांनी, विधिज्ञांनी किंवा मालकांनी लिहिला. दासीचा स्वतःचा आवाज जवळजवळ कुठेच उरलेला नाही. पाली भाषेतील थेरीगाथेत पुण्णिका या पाणी भरणाऱ्या दासीच्या नावे असलेली रचना हा एक मोलाचा अपवाद. ऐन थंडीत आपण नदीत का उतरत होतो, हे ती सांगते : मालकिणींच्या माराच्या आणि बोलण्याच्या भीतीने. येथे भय आहे ते दुसऱ्या स्त्रियांचे.

म्हणूनच एखाद्या प्राचीन संस्कृतीने स्त्रीला काय दिले, हे मालकिणीच्या हक्कांवरून पुरते ठरत नाही. त्याच घरात पाणी भरणाऱ्या दासीला आपले मूल आपले म्हणता येत होते का, हेही विचारावे लागते. या कसोटीवर बॅबिलोन आणि कौटिल्य काही अंशी उतरतात. अथेन्स आणि रोम, त्यांची सारी कीर्ती जमेस धरूनही, उतरत नाहीत.