लेह : जुने शहर

लडाखमधील लेहची मूळ वस्ती. सुमारे ३,५०० मी. उंचीवर, राजवाड्याच्या पायथ्याशी ती उतारावर वसली आहे. हा नऊमजली राजवाडा सतराव्या शतकात सेंगे नामग्याल राजाने बांधला. डोगरा स्वारीनंतर (१८३४) राजघराणे स्टोकला गेले.

येथील घरांची बांधणी विशेष पाहण्यासारखी आहे. खाली दगडी जोते, वर उन्हात वाळवलेल्या मातीच्या विटा. सपाट छपराला पॉप्लरच्या तुळया, त्यांवर विलोच्या काटक्या व मातीचा थर. पाऊस अत्यल्प असल्याने हे छप्पर टिकते. जोराच्या सरीत मात्र ते गळते. मालक खालच्या नव्या वस्तीत गेले की डागडुजी थांबते, ही या वस्तीची खरी चिंता आहे. राजवाड्याखालच्या मुन्शी घराण्याच्या वाड्याचा जीर्णोद्धार होऊन तेथे कलाकेंद्र सुरू झाले, हे काम अनुकरणीय आहे.

मुख्य बाजारातील सतराव्या शतकातील जामा मशिदीमागून चढणीच्या गल्ल्या सुरू होतात. काही गल्ल्या घरांखालूनच जातात. वाटेत स्तूप लागतात. विमानाने आलेल्या प्रवाशाने विरळ हवेची सवय होईपर्यंत, किमान दोन दिवस, ही चढण टाळावी.