विलायती चिंच

विलायती चिंच (शास्त्रीय नाव: पिथेसेलोबियम डल्से) हा शिंबावंत कुलातील मध्यम उंचीचा, काटेरी, सदाहरित वृक्ष आहे. त्याच्या शेंगांमधील गोड-तुरट गर खाल्ला जातो. यास जंगल जलेबी असेही म्हणतात.

नाव व मूळस्थान
नावात ‘विलायती’ असले तरी हा वृक्ष युरोपातील नाही आणि चिंचेच्या प्रजातीतीलही नाही. तो मूळचा मेक्सिको, मध्य अमेरिका व दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागातील आहे. स्पॅनिश लोकांनी तो फिलिपिन्समध्ये नेला. तेथून तो भारतात आला, म्हणून इंग्रजीत त्यास ‘मनिला टॅमरिंड’ म्हणतात. विल्यम रॉक्सबर्ग यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस त्याचे वर्णन केले. सध्याचे शास्त्रीय नाव जॉर्ज बेंथॅम यांनी 1844 मध्ये दिले. ‘डल्से’ म्हणजे गोड.

वर्णन
हा वृक्ष साधारणपणे 10 ते 15 मीटर उंच वाढतो. पानांच्या तळाशी काट्यांची जोडी असते. पान संयुक्त असून त्यास दोन दले व प्रत्येक दलावर दोन, अशी एकूण चार दलके असतात. फुले लहान, हिरवट पांढरी व गोल गुच्छांत येतात. शेंगा वेटोळ्या असून पिकल्यावर गुलाबी-लालसर होतात व उकलतात. बिया काळ्या व चकचकीत असतात.

साम्य असलेले वृक्ष
चिंचेच्या झाडास काटे नसतात व तिच्या पानांत दलकांच्या अनेक जोड्या असतात. विलायती बाभूळ हा वेगळा काटेरी वृक्ष असून त्याच्या शेंगा पिवळसर असतात व त्यांना वेटोळे नसते.

खाद्य भाग
बियांभोवतीचे पांढरे किंवा गुलाबी मांसल वेष्टन हाच माणसाच्या खाण्यातील मुख्य भाग होय. ते उन्हाळ्यात ताजेच खातात. साल व बी टाकून देतात. पोपट, साळुंक्या इत्यादी पक्षीही गर खातात व त्यांच्याद्वारे बीजप्रसार होतो.

लागवड व उपयोग
अवर्षण व हलकी जमीन या वृक्षास सोसते. त्यामुळे नाशिक जिल्ह्यातील देवळा तालुक्यासारख्या, गिरणा खोऱ्यातील कमी पावसाच्या प्रदेशांतही तो वाढू शकतो. छाटणी केल्यास दाट फुटतो, म्हणून शेताच्या कुंपणासाठी तो लावतात. मुळांवरील गाठींमधील जीवाणू हवेतील नत्र स्थिर करतात. पाला व शेंगा शेळ्यांना चारा म्हणून उपयोगी पडतात. लाकूड ठिसूळ असून जळताना धूर फार होतो. सालीत टॅनिन असल्याने ती कातडी कमावण्यासाठी वापरतात. हा वृक्ष सहज पसरत असल्याने हवाई बेटांसारख्या काही ठिकाणी तो उपद्रवी मानला जातो.